ड्रिल, पार्किंग आणि बाहीचा मुंडा: बाई-पुरुष फरक नेमका कशात आहे?

माजिवडा_मेट्रो
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या आमच्या गृहसंकुलात पावसाळा संपला की घरदुरुस्तीचा वर्ग घ्यायचं चाललंय, दोन रविवार. भिंतीत ड्रिल करणं, नळ दुरुस्त करणं, गॅसचा रेग्युलेटर, गाडीचं चाक बदलणं आणि बेसमेंटमधल्या अरुंद जागेत गाडी लावणं, एवढे विषय. समितीत सूचना आली की बायकांची बॅच वेगळी ठेवा, कारण त्यांना अंतराचा आणि दिशेचा अंदाज कमी असतो, सावकाश शिकवावं लागेल. लगेच समोरून उत्तर आलं की असलं काही नसतं, सगळा वाढवण्यातला फरक. बैठक तिथेच अडकली.

दोन प्रश्न आहेत. असा फरक कोणी मोजलाय का, आणि मोजला असेल तर कशात आणि किती? आणि बॅच कशा पाडाव्यात? कृपया आपापल्या घरचे किस्से नकोत, ते सोसायटीच्या ग्रुपवर पोत्याने पडलेत. माहीतगारांनी लिहावं.

टवाळखोर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बाल्कनीचं तिकीट आहे, मधे उठणार नाही.

सरासरी
पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, थोडं लांबेल.

'अवकाशीय क्षमता' नावाची एकच एक वस्तू नाही. मार्शा लिन आणि अ‍ॅन पीटरसन यांनी १९८५ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून तीन गट पाडले. पहिला, आकृती मनातल्या मनात फिरवणं. यात पुरुषांची सरासरी स्पष्टपणे वर. दुसरा, आडवं-उभं ओळखणं, म्हणजे तिरप्या ग्लासातल्या पाण्याची रेषा कशी दिसेल वगैरे. यात फरक मध्यम. तिसरा, अनेक पायऱ्यांनी सोडवायची कोडी: कागदाला घड्या घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, या जातीची. यात फरक जवळपास नाही.

म्हणजे आपण ज्याची भांडणं करतो तो फरक मुख्यतः पहिल्या गटातला. त्याची सुरुवात शेपर्ड आणि मेट्झलर यांच्या १९७१ च्या प्रयोगापासून. ठोकळ्यांच्या दोन आकृत्या दाखवायच्या, एकच आहेत की एक दुसरीची आरशातली प्रतिमा आहे ते विचारायचं. आकृती जितके अंश जास्त फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त. पुढे १९७८ मध्ये व्हँडेनबर्ग आणि कूस यांनी त्यावरून लेखी चाचणी बनवली: एका आकृतीपुढे चार पर्याय, त्यातले दोन बरोबर, आणि दोन्ही ओळखले तरच गुण. वेळ मुद्दाम तुटपुंजा.

या चाचणीत फरक साधारण अर्धा ते पाऊण प्रमाण-विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) इतका येतो, काही अभ्यासांत त्याहून जास्त. ०.६ धरलं तर त्याचा अर्थ असा: एक पुरुष आणि एक स्त्री अशा चिठ्ठ्या टाकून १०० जोड्या काढल्या, तर साधारण ६६ जोड्यांत पुरुष पुढे असेल आणि ३४ मध्ये स्त्री. समितीने 'बायकांची बॅच' केली तर तिच्यात किती चांगल्या फिरवणाऱ्या जातील आणि पुरुषांच्या बॅचमध्ये किती कच्चे उरतील, ते यावरून बघा.

उलट दिशेचा फरकही आहे. कुठली वस्तू कुठे होती हे लक्षात ठेवण्यात स्त्रियांची सरासरी वर येते. सिल्व्हरमन आणि ईल्स यांचं १९९२ चं काम त्यासाठी ओळखलं जातं. तो फरक मात्र लहान आहे.

कासारवडवलीची_सून
"वस्तू कुठे होती हे लक्षात ठेवण्यात." या एका ओळीची प्रिंट काढून घराघरांतल्या फ्रीजवर लावा. "अगं, माझं पाकीट कुठंय?" या प्रश्नाला शास्त्रीय पाया मिळाला.

टवाळखोर
पाकीट फिरवलेल्या अवस्थेत ठेवलं असेल तर पुरुषांना सापडेल की.

नागमोडी
सरासरी यांनी छान मांडलं, पण पुढचा भाग सांगितला नाही. ५३ देशांतल्या लोकांनी दिलेली एक इंटरनेट चाचणी आहे, लिप्पा आणि सहकारी, २०१०. मनात आकृती फिरवण्यात सगळ्याच्या सगळ्या ५३ देशांत पुरुष पुढे. त्याहून गमतीची गोष्ट, जिथे स्त्री-पुरुष समानता जास्त तिथे हा फरक कमी नाही, जास्त निघाला. शिवाय २००८ मध्ये दोन वेगळ्या गटांनी तीन ते पाच महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केले आणि फिरवलेली आकृती व तिची आरशातली प्रतिमा यांत भेद करण्यात मुलगे पुढे दिसले. पाच महिन्यांच्या बाळाला कुठले संस्कार आणि कुठली खेळण्यातली मोटार? 'सगळा वाढवण्यातला फरक' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

सरासरी
@नागमोडी, दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. बाळांच्या बाबतीत मात्र पुढच्या प्रयोगांत चित्र सारखं येत नाही, कुठे फरक दिसतो, कुठे नाही. मुलांवरचे अभ्यास २०१९ मध्ये एकत्र केले गेले त्यात असं दिसलं की प्राथमिक शाळेच्या सुरुवातीला फरक अगदी किरकोळ असतो आणि वय वाढेल तसा वाढत जाऊन किशोरवयात मोठ्यांइतका होतो. जन्मजात आहे असं धरलं तरी वाढीच्या काळात त्यावर आणखी काहीतरी चढतं, एवढं नक्की. ते हार्मोन की खेळणी की शाळा, यावर माणसं अजून भांडताहेत.

खाडीपलीकडे
५३ देशांचा दाखला आला म्हणून दुसरा. स्मृतिभ्रंशाच्या संशोधनासाठी एक मोबाइल गेम बनवला होता. होडीतून जायचं, नकाशा आधी पाहायचा आणि मग लक्षात ठेवून ठिकाणं गाठायची. २०१८ मध्ये त्यातल्या ५७ देशांतल्या साडेपाच लाखांहून जास्त खेळाडूंची माहिती प्रसिद्ध झाली. पुरुष सरासरीने पुढे होते, पण जिथे स्त्री-पुरुष विषमता जास्त तिथे अंतर जास्त, जिथे कमी तिथे अंतर कमी. म्हणजे नागमोडींच्या बरोबर उलट. कारण उघड आहे, ठोकळा फिरवणं आणि वाट काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाचा निकाल दुसऱ्याला चिकटवू नये.

याच मालिकेतला २०२२ चा निष्कर्ष आम्हा नवी मुंबईकरांना झोंबणारा. सरळ चौकटीच्या, काटकोनी रस्त्यांच्या शहरात वाढलेली माणसं वाट काढण्यात कमी पडतात. वाकड्यातिकड्या रस्त्यांच्या गावात किंवा शहराबाहेर वाढलेली पुढे असतात. बाई की पुरुष यापेक्षा नौपाड्यात वाढलात की वाशीत, असं विचारायला हवं.

पाचपाखाडीकर
शेवटी मान्य केलंत! ठाणेकर श्रेष्ठ. गोखले रोड, राम मारुती रोड आणि त्यांच्या मधल्या गल्ल्या वन-वे सांभाळून पार करणाऱ्याला लंडनची टॅक्सी चालवायचा परवाना थेट द्यावा.

खाडीपलीकडे
लंडनच्या टॅक्सीवाल्यांचा अभ्यास खरंच आहे, २००० सालचा. तिथे परवान्यासाठी हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्या चालकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे वाटा आणि जागा लक्षात ठेवणाऱ्या केंद्राचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा दिसला आणि जितकी जास्त वर्षं टॅक्सी चालवली तितका जास्त. तुमच्या गल्ल्यांतल्या रिक्षावाल्यांचे स्कॅन कोणी काढले नाहीत, नाहीतर तेही दिसलं असतं.

आणि आमचं शहर वाटतं तितकं सोपं नाही हो. सेक्टर चौकटीचे आहेत, पण पुढच्या आकड्याचा सेक्टर शेजारीच असेल याची खात्री नाही. शिवाय सायन-पनवेल हायवे आणि रेल्वे रूळ दोन्ही ओलांडायच्या जागा मोजक्याच. चुकीच्या बाजूला उतरलात की समोर दिसणारी इमारत गाठायला मोठा वळसा.

वाट सांगण्याच्या पद्धतीत फरक मोजलेला आहे तो असा: पुरुष दिशा आणि अंतर जास्त वापरतात, स्त्रिया खुणा आणि वळणांचा क्रम. यातलं कुठलंही एक श्रेष्ठ नाही. खूण बदलली की खुणांची पद्धत फसते. आणि वळसा घ्यावा लागला की 'तिसऱ्या सिग्नलला डावीकडे' फसतं, तिथे दिशा लागते. आपल्याकडे मुळात पूर्व-पश्चिम म्हणजे स्टेशनची बाजू. होकायंत्राची पूर्व कोणाला हवीय?

फर्स्टअँगल
अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवणारे हे सगळं रोज बघतात, म्हणून शिकवण्याच्या बाजूने लिहितो.

अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून एक छोटा अभ्यासक्रम चालवला. प्रवेश घेतल्यावर आकृती फिरवण्याची चाचणी, त्यात कमी गुण पडलेल्यांना जादा वर्ग. नापासांत मुलींचं प्रमाण बरंच जास्त होतं. पण वर्ग केलेल्यांचे गुण वाढले, आणि त्या मुली अभियांत्रिकी सोडून जाण्याचं प्रमाणही घटलं. २०१३ मध्ये अटल आणि सहकाऱ्यांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र केले, त्यातही हेच: सरावाने ही क्षमता वाढते, टिकते, आणि न शिकवलेल्या जवळच्या कामांतही उपयोगी पडते. सुधारणा जवळपास अर्धा प्रमाण-विचलन. सरासरी यांनी वर सांगितलेला फरक आठवा, आकडा त्याच घरातला आहे.

मात्र एक सावधगिरी. सराव दोघांना दिला तर दोघेही वाढतात, म्हणून मधलं अंतर आपोआप मिटत नाही. मिटवायचं काय आहे? बाईला भिंतीत खिळा ठोकता यावा की शेजाऱ्यापेक्षा चांगला ठोकता यावा?

सराव कसा, तर स्क्रीनवर फिरवून नाही. हाताने. कपडे धुण्याच्या साबणाची वडी घ्या, सुरीने एक कोपरा पायरीसारखा कापा. समोरून, वरून आणि डाव्या बाजूने काय दिसतं ते तीन चौकटींत काढा. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, म्हणजे वरचं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे. मुलं चुकतात ती इथे, कारण जिकडून बघितलं तिकडेच काढावंसं वाटतं. मग वडी लपवायची आणि नुसत्या तीन चौकटींवरून तिची तिरपी आकृती, आयसोमेट्रिक, ३० अंशांत काढायची. ही उलटी वाट अवघड. लपलेल्या कडा तुटक रेषेने दाखवायला विसरलं की समजायचं, वडी अजून डोळ्यापुढे उभी राहिलेली नाही. इलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली मुलं-मुली इथे लवकर तरतात.

उरेब
इतका वेळ वाचत होते. ठोकळे झाले, होड्या झाल्या, टॅक्सी झाली. शिवणकाम कोणाच्या यादीत नाही. ब्लाउज कटिंगचा वर्ग चालवणाऱ्या कोणालाही विचारा, मनात आकृती फिरवणं म्हणजे काय ते.

बाहीचंच घ्या. बाहीच्या वरच्या गोलाईची पुढची बाजू मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त खोल कापतात, कारण हात पुढे जातो, तिथे कापड गोळा व्हायला नको. म्हणजे डावी आणि उजवी बाही ही एकमेकींची आरशातली प्रतिमा. आता कापडाला सुलट-उलट असेल आणि तुम्ही एकेरी कापडावर कागदी नमुना न उलटता दोनदा ठेवून कापलात, तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. मग दुसरी शिवताना खोल बाजू पाठीकडे येते आणि खांद्याशी चुणी पडते. सरासरी यांनी सांगितलेल्या चाचणीतला चुकीचा पर्याय म्हणजे हीच बाही! फक्त इथे गुण जात नाही, कापड जातं.

काठाची साडी असेल तर आणखी एक अट: दोन्ही बाह्यांना काठ खालीच हवा आणि नक्षीचं तोंड एकाच दिशेला हवं. मोर असतील तर दोन्ही उभेच हवेत. ८० सेंटिमीटर किंवा मीटरभर कापडात मागचा भाग, पुढचे दोन, दोन बाह्या, बटणपट्ट्या बसवायच्या. गळ्याच्या पायपिनसाठी सव्वा इंची पट्टी ४५ अंशांत, उरेब कापायची, कारण उभ्या-आडव्या धाग्यावर कापलेली पट्टी गोलाईत वळत नाही, उभी राहते. छाती ३६ असेल तर चौथा भाग ९, त्यावर दीड-दोन इंच शिलाईचं मार्जिन. सपाट कापडातून गोल शरीर काढायचं तर जिथे उंचवटा तिथे टक्स द्यावे लागतात. टक्सचं टोक उंचवट्याच्या बिंदूच्या अर्धा ते एक इंच अलीकडे थांबवायचं, नाहीतर टोक उभं राहतं. हे सगळं कापायच्या आधी डोक्यात दिसावं लागतं.

ही कामं चाचणीत नाहीत. 'बायकांना अंदाज नसतो' म्हणणाऱ्याने एकदा कटोरी ब्लाउजचा खाका काढून दाखवावा.

फर्स्टअँगल
@उरेब, दंडवत. पत्र्याच्या कामात यालाच डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस म्हणतात: एसीच्या डक्टचा कोपरा सपाट पत्र्यावर उलगडून काढायचा. प्रश्नपत्रिकेत शंकू आणि नळकांडं असतं, तुमच्याकडे माणूस. तुमचं अवघड.

नागमोडी
उरेबताई, मुद्दा जबरदस्त, पण त्याने माझं म्हणणं खोटं ठरत नाही. टेलर पुरुषही असतातच. सरावाने कोणालाही येतं हे मी नाकारतच नाही. मी म्हणतोय ते सराव नसताना, घड्याळ लावून, अनोळखी आकृतीबद्दल.

उरेब
घड्याळ लावून अनोळखी ठोकळा फिरवायची वेळ घरात कधी येते, तेवढं सांगा.

सरासरी
घड्याळाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. वेळेची मर्यादा काढली की फरक कमी होतो, पण शून्य होत नाही. एक कारण असं दिसतं की स्त्रिया पुन्हा तपासून पाहतात, आणि आपल्या उत्तराबद्दलचा विश्वास कमी असतो. दोन्ही बाजूंना खायला घालणारा निष्कर्ष आहे.

आणि @माजिवडा_मेट्रो, तुमच्या समितीसाठी भारतातला अभ्यास. २०११ मध्ये हॉफमन, नीझी आणि लिस्ट यांनी ईशान्येतल्या खासी आणि कार्बी गावांत चार तुकड्यांचं साधं कोडं लावायला दिलं. कार्बी पितृवंशीय, तिथे पुरुष ठळकपणे जलद. खासी मातृवंशीय, मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते. तिथे स्त्री-पुरुषांत फरक दिसला नाही. दोन्ही समाज शेजारी राहणारे. शिक्षणातली तफावत हे त्यातलं एक कारण. नागमोडी म्हणतील की चार तुकड्यांचं कोडं म्हणजे ठोकळे फिरवण्याची चाचणी नव्हे, आणि ते बरोबरच आहे.

नागमोडी
माझं टायपिंग वाचवलंत. धन्यवाद.

मिस्त्रीबाई
साइट सुपरवायझरच्या नजरेतून. वर्ग ड्रिलचा आहे ना? मग ठोकळे बाजूला ठेवा. घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये चुकतं ते डोक्यातल्या फिरवाफिरवीमुळे नाही, भिंत न ओळखल्यामुळे.

आधी भिंतीवर बोटाने ठोकून बघा. मायवन पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, इमारतीत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात, आवाज घट्ट येतो. तिथे साधं इम्पॅक्ट ड्रिल रडतं, बिट तापून निळं पडतं. एसडीएस वालं रोटरी हॅमर भाड्याने आणा. पृष्ठभागापासून २०-२५ मिलिमीटरवर सळई लागू शकते. बिट एकदम अडलं, धूळ पांढऱ्याऐवजी चमचमती आली की जोर लावायचा नाही, दोन-तीन सेंटिमीटर सरकायचं.

एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची, भिंत असेल तर उलट. आवाज पोकळ, धूळ पिठासारखी. हॅमर बंद ठेवायचं, नुसतं फिरवायचं, नाहीतर ६ चं भोक ८ चं होतं आणि प्लग फिरत बसतो. तिथे ब्लॉकसाठी मिळणारे लांब नायलॉन प्लग लागतात.

जुन्या विटेच्या भिंतीत प्लॅस्टर १२ ते १५ मिलिमीटर. प्लगची सगळी लांबी प्लॅस्टरमध्येच राहिली तर फोटो टिकेल, शेल्फ खाली येईल. ६ मिलिमीटरचा प्लग, ६ चं मेसनरी बिट, भोक प्लगपेक्षा ५ ते १० मिलिमीटर खोल, कारण तळाशी धूळ साचते. खोली कळायला बिटवर रंगीत टेप गुंडाळा. आधी हॅमरशिवाय, हळू, खड्डा पडेपर्यंत; मग हॅमर. टाइलवर तर टाइल पार होईपर्यंत हॅमर लावायचाच नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही, वायरचा पाइप तिथूनच गेलेला असतो. मायवनमध्ये तर तो काँक्रीटच्या आत ओतलेला, तो तुटला की दुरुस्ती महाग.

यातल्या कुठल्या पायरीला पुरुष असावं लागतं?

टवाळखोर
स्टुलावर उभं राहून "जरा धर गं" म्हणण्याच्या पायरीला.

मिस्त्रीबाई
आणि खालून "डावी बाजू वर आहे" सांगण्याच्या पायरीला कोण लागतं? लेव्हल बघायला स्पिरिट लेव्हल घ्या. लांब अंतराला पारदर्शक पाइपात पाणी भरून, दोन्ही तोंडं उघडी ठेवून, मधे हवेचा बुडबुडा नाही ना ते बघून. बुडबुडा राहिला की दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत येत नाही.

दुसरा_गिअर
पार्किंगवर कोणी बोललं नाही. जर्मनीत बोखुमला २०१० मध्ये अभ्यास झाला. सारख्या अनुभवाचे चालक घेतले, पुरुष जास्त जलद आणि काहीसे जास्त अचूक निघाले. नवशिक्यांत निकाल आकृती फिरवण्याच्या क्षमतेशीही जुळत होता आणि स्वतःबद्दलच्या मताशीही. अनुभवी चालकांत मात्र फक्त स्वतःबद्दलच्या मताशी. म्हणजे 'मला जमतं' वाटणं इतकं काम करतं. आता कामाचं.

बेसमेंटमधली छोटी जागा साधारण २.३ मीटर रुंद, ४.५ लांब. हॅचबॅक आरसे सोडून १.७ च्या आसपास. दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटर उरतात, दार अर्धंच उघडतं. म्हणून रिव्हर्समध्येच लावा. वळतात ती पुढची चाकं, आणि रिव्हर्सला ती मागून येतात, त्यामुळे गाडीचं शेपूट अरुंद जागेत आधी नेमकं घालता येतं. पुढून घातलीत तर मागची चाकं आतून कापत येतात आणि मधलं दार खांबाला घासतं. ठाण्यातल्या बेसमेंटचे खांब बघा, कमरेच्या उंचीला सगळ्या कंपन्यांचे रंग सापडतील.

रस्त्याकडेला दोन गाड्यांच्या मधे लावायची तर गाडीच्या लांबीपेक्षा निदान सव्वा-दीड मीटर जागा जास्त हवी. पुढच्या गाडीच्या बाजूला, तिच्यापासून दोन-अडीच फुटांवर, मागचे बंपर जुळतील असे थांबा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, अतिशय हळू मागे. उजव्या आरशात मागच्या गाडीचं पूर्ण तोंड दिसलं, म्हणजे गाडी साधारण ४५ अंशांत आली. स्टिअरिंग सरळ. आपला पुढचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरला पार करतोय ना ते बघत मागे. पार झाला की पूर्ण उजवीकडे.

चुकतं कुठे? सुरुवातीलाच पुढच्या गाडीला फार चिकटून किंवा फार लांब उभं राहतात. हाफ क्लच सोडून वेग घेतात, मग स्टिअरिंग फिरवायला वेळच उरत नाही. आणि गाडीचं नाक उजवीकडे बाहेर फेकलं जातं, तिकडे दुचाकी येतेय का ते कोणी बघत नाही. आणखी एक, मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" करणारे. त्यांना आधी घरी पाठवा.

पाचपाखाडीकर
"येऊ दे, येऊ दे… बस… बस… अरे बस म्हटलं ना!" हे राष्ट्रीय कौशल्य आहे, त्याला हात लावू नका.

कोपरी_पूर्व
एक गोष्ट सगळे विसरताहेत: ताकद. मुठीच्या पकडीची ताकद स्त्रियांची सरासरीने पुरुषांच्या ६० टक्क्यांच्या आसपास असते. इथे १०० पैकी ६६ वगैरे नाही, फार थोडी सरमिसळ. बुद्धीतल्या फरकावर जीव तोडून भांडतात आणि खरा मोठा फरक आहे तो हत्याराने भरून काढायचा सोडून देतात.

चाकाचे नट. छोट्या गाडीला साधारण १०० न्यूटन-मीटर लागतात. पाना २५ सेंटिमीटरचा असेल तर टोकावर ४० किलोचा जोर हवा. अर्ध्या मीटरचा दांडा घेतला की २० किलो. हार्डवेअरच्या दुकानातला पाइपचा तुकडा पान्यावर चढवला की काम झालं. नट जॅक लावायच्या आधी, चाक जमिनीवर असताना अर्धा फेरा सैल करायचे, नंतर चाक नुसतं फिरत राहतं. हँडब्रेक, पहिला गिअर, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकामागे दगड. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने. शेवटचं आवळणं गाडी खाली उतरवल्यावर, आणि तेव्हा पाइप काढून ठेवायचा, नाहीतर स्टड मोडतो.

घरगुती सिलिंडर १४.२ किलो गॅस, रिकाम्या टाकीचं वजन १५-१६, म्हणजे ३० किलो. उचलायचा नाही, तिरका करून खालच्या कड्यावर फिरवत न्यायचा. रेग्युलेटर बसवायच्या आधी व्हॉल्व्हच्या आत रबरी रिंग आहे का बघा. बऱ्याच गळतीचं कारण तीच. तपासायला साबणाचं पाणी, काडी नाही.

ड्रिलचंही तेच. १३ मिलिमीटरचं हॅमर दोन किलोच्या आसपास, डोक्यावर हात करून धरलं की पाच मिनिटांत हात थरथरतो आणि भोक तिरकं जातं. वर्गाला एखादं किलो-सव्वा किलोचं बॅटरीवालं ठेवा. लहान हाताच्या पुरुषांनाही बरं.

माजिवडा_मेट्रो
सगळ्यांचे आभार, समितीला लिंक पाठवलीय. आता दुसऱ्या प्रश्नाकडे या. माझा विचार: 'ड्रिल कधी हातात धरलंय का, हो की नाही' एवढंच नोंदणीत विचारायचं आणि त्यावरून दोन बॅच.

फर्स्टअँगल
योग्य.

मिस्त्रीबाई
अर्धवट सहमत. मिश्र बॅचमध्ये काय होतं ते कुठल्याही वर्कशॉपात बघा: हत्यार पुरुषाच्या हातात, बाईच्या हातात वही. कोणी मुद्दाम करत नाही, "दे, मी दाखवतो" म्हणत होतं. त्यामुळे बायकांची वेगळी बॅच हवीच, पण सावकाश शिकवायला नाही, प्रत्येकीच्या हातात ड्रिल राहावं म्हणून.

सरासरी
वेगळी बॅच केलीत की लोक कारण विसरतात आणि 'बायकांची सोपी बॅच' एवढंच उरतं. त्यापेक्षा नियम करा: ज्याची पाळी, त्याच्याशिवाय हत्याराला कोणी हात लावायचा नाही. शिकवणाऱ्यानेसुद्धा.

मिस्त्रीबाई
नियम तुम्ही कागदावर करा, रविवारी पाळून घ्यायला कोण उभं राहणार?

कासारवडवलीची_सून
मिस्त्रीबाईच उभ्या राहणार, अजून कोण.

मिस्त्रीबाई
मानधन ठरवा, येते. आणि आठ जणांमागे दोन ड्रिल धरा, त्याहून जास्त माणसं घेऊ नका. प्रत्येकाने तीन भोकं पाडायची: एक एएसी ब्लॉकमध्ये, एक विटेत, एक काँक्रीटच्या पेव्हरमध्ये. तिन्हींत प्लग आणि स्क्रू बसवून पक्कडीने ओढून बघायचं. सोसायटीच्या खऱ्या भिंतीवर हात नाही.

उरेब
वर्गाच्या यादीत शिवणयंत्राची सुई बदलणं आणि बॉबिनचा ताण लावणं पण घाला. पुरुषांची वेगळी बॅच काढा, त्यांना सावकाश शिकवावं लागेल.

टवाळखोर
नाव नोंदवा माझं. बाही उलटी बसली तर पाठीमागे हात करून फिरेन.

माजिवडा_मेट्रो
शिवणयंत्र घेतलं. दुपारी २ ते ४ आवाज बंद असतो आमच्याकडे, म्हणजे सकाळी १० ची वेळ. पण हे ब्लॉक आणायचे कुठून? सुटे तीन-चारच हवेत, दुकानदार पूर्ण गाडी घ्या म्हणतो.

मिस्त्रीबाई
विकत कशाला? कुठल्याही चालू साइटवर तुटक्या ब्लॉकचा ढीग असतो, सुपरवायझरला विचारून उचला. फक्त ओले घेऊ नका. पावसात भिजलेल्या ब्लॉकमध्ये धूळ चिखल होऊन भोकातच बसते आणि प्लग अर्धाच जातो. आठवडाभर सावलीत वाळवून मग वापरा.